साटंलोट्यात आलेला आर्थर

मागच्या महिन्यात उंब्रजला आमच्या घरी विलायतेहून पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नव्हतं, तेव्हाच मनात चर्र झालं. इतकी वर्षं नाताळाच्या आगेमागे येणारं पत्र आर्थरच्याच हातचं असायचं, बारीक आणि गिचमिड. हे अक्षर मोठं आणि मोकळं होतं. त्याच्या लेकीनं लिहिलं होतं, 'बाबा गेले. झोपेतच गेले.' नव्वदीला टेकलेला माणूस, सोन्यासारखं मरण आलं असं लोक म्हणतील. मलाही कळतं ते. तरी त्या दिवशी ताट तसंच बाजूला सारलं, आणि सुनेनं "कोण गेलं?" म्हणून विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "माझा भाऊ." सून गोंधळली. माझा एकुलता एक भाऊ, सदादादा, जाऊन बारा वर्षं होऊन गेलीत. तिला समजावून सांगायला बसले, आणि सांगता सांगता वाटलं, हे लिहूनच काढावं.

स्वातंत्र्य मिळून दोनएक वर्षं झाली असतील. आमचं माहेर आष्ट्याचं, चार एकर ऊस आणि दारात दोन म्हशी. दादा सांगलीला कॉलेजात शिकायचा. तिथल्या एका प्रोफेसरांनी विलायतेतल्या एका कॉलेजशी ठरवलं होतं, की वर्षभरासाठी त्यांचा एक विद्यार्थी इकडं येईल आणि आपला एक तिकडं जाईल. त्यांनी दादाला निवडलं आणि आमच्या आबांना समजवायला स्वतः आष्ट्याला आले. आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेले हवालदार. साहेब लोकांना त्यांनी जवळून पाहिलं होतं, त्यामुळं त्यांच्या ताब्यात पोरगं द्यायला ते मुळीच तयार नव्हते. प्रोफेसर तासभर बोलले. ज्ञान, जग, नवा देश... आबा नुसते मिशीवरून हात फिरवत राहिले. शेवटी प्रोफेसर थकून म्हणाले, "अहो हवालदार, ते त्यांचा मुलगा आपल्याला देतायत ना!" तेव्हा कुठं आबांचा चेहरा उजळला. "आसं सांगा की मग. म्हंजे साटंलोटंच हाय ह्ये!"

साटंलोटं आमच्या घराला नवं नव्हतं. आबांची बहीण आईच्या भावाला दिलेली, आणि त्या बदल्यात आई आमच्या घरात आलेली. एकदा काहीतरी बिनसून आई रुसून माहेरी गेली, तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून मामानं आत्याला आमच्या दारात आणून सोडली होती. आत्या बिचारी तिच्या घरी सुखात होती, तिचं कुणाशी भांडणही नव्हतं. पण रीत म्हणजे रीत. तुमची आमच्याकडं नांदली तर आमची तुमच्याकडं नांदेल. आबांनी विलायतेची बोलणी याच हिशेबानं पक्की केली. त्यांचं पोरगं शनिवार-रविवार आणि सुट्टीला आमच्याच घरी राहील, ही एक अट. आणि दुसरी त्यांनी दादाला बजावून सांगितली, "त्ये पोरगं अर्ध्यात गेलं, तर तू बी अर्ध्यात यायचं. त्यांचं न्हाई ऱ्हायलं तर आपलं तितं कशापायी?" प्रोफेसर हसले. दादा हसला नाही, कारण तो आबांना ओळखून होता.

अशा रीतीनं जून महिन्यात एका शनिवारी सर्व्हिस मोटारीतून आर्थर आमच्या दारात उतरला. उंच, काटकुळा, नाक उन्हानं सोललेलं. गावकऱ्यांनी आबांची भरपूर चेष्टा केली. इंग्रज गेले म्हणून सगळ्या आळीला साखर वाटणारा पहिला माणूस आबा, आणि दोन वर्षांत त्यांनीच एक परत आणला! ऑगस्टमध्ये दादा बोटीत बसला, आणि तिथून आर्थरचे खरे हाल सुरू झाले. आईच्या मनानं एकच घेतलं होतं, आपण याला जसं ठेवू तसं ते आपल्या पोराला ठेवतील. त्यामुळं आर्थरसाठी कोचावर असते तशी जाड गादी भरून घेतली. ताटात कोंबडी आणि वर तुपाची धार. तो नको नको म्हणत असायचा आणि आई "खा रं लेकरा" म्हणत वाढत असायची. दादाचं पत्र आलं, की तिकडं थंडी फार आहे, तर ऑक्टोबरच्या उकाड्यात आईनं आर्थरच्या अंगावर दोन वाकळा घातल्या. मी म्हटलं, "आये, त्यो उकडून मरंल." तर म्हणाली, "गप गं इंदे. तिकडं माज्या सदाला कुनीतरी पांघरून घालाय पायजे का न्हाई?" आर्थर वाकळांखाली घामानं निथळत पडून राहायचा.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. शाळेत इंग्रजी चौथीला, म्हणजे आताच्या आठवीला, मुलींत एकटी. त्यामुळं घरात दुभाषी मीच आणि पत्रं वाचून दाखवणारीही मीच. माझं इंग्रजी यथातथाच होतं, पण आर्थर सावकाश बोलायचा आणि मी अंदाजानं भर घालायचे. दिवाळीच्या सुट्टीत एकदा तो परसात म्हशींकडं बघत बसला होता. म्हणाला, "इंदू, मी परत जायचं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात प्रोफेसरांना सांगणार." मी विचारलं, आमचं काही चुकलं का? तो म्हणाला, तसं काही नाही, सगळे फार चांगले आहेत. पण मी खेडं कसं चालतं ते शिकायला आलो, आणि चार महिने मी फक्त गादी आणि ताट बघतोय. मी बादली उचलली तर कुणीतरी हातातून काढून घेतं. शेताकडं निघालो तर तुझी आई छत्री घेऊन माणूस पाठवते. कुणीच मला काही करू देत नाही. इथं माझी कुणालाच गरज नाही... वीस वर्षांचा मुलगा तो, आई-वडिलांपासून इतक्या लांब. आता आठवलं की गलबलून येतं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याची नाही, दादाची काळजी पडली होती. आबांच्या कानावर हे गेलं असतं, तर त्याच दिवशी सांगलीहून तार सुटली असती, 'निघून ये.' दादाचं वर्ष, त्याची परीक्षा, सगळंच पाण्यात गेलं असतं.

नेमकं त्याच दिवशी दादाचं पत्र आलं होतं, आणि मी ते अजून वाचून दाखवलं नव्हतं. आत जाऊन पुन्हा उघडलं. दादानं लिहिलं होतं, 'इथं मला रोज भांडी घासावी लागतात आणि सरपण फोडावं लागतं. पहिले पंधरा दिवस घरमालकीण बाई मला खुर्चीतून उठू देत नव्हत्या. तेव्हा रात्रंदिवस घर आठवायचं. मग एक दिवस त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं. तेव्हापासून मी या घरचा झालो.' ते वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आर्थरचं दुखणं आणि दादाचं दुखणं एकच होतं. पण आबांना नुसतं समजावून ते पाहुण्याच्या हातात भांडी घासायची राख थोडीच देणार होते? दारात आबा आणि आई बसले होते तिथं गेले, आणि पत्र मोठ्यानं वाचलं. पहिलं वाक्य वाचलं, आणि पुढची सगळी गिळली.

आबा ताडकन उठले. "भांडी? माज्या पोराला भांडी घासाय लावत्यात? आनि आमी त्यांच्या पोराला गादीवर बसवून कोंबड्या चारतुय?" आई रडायलाच लागली. आबा तरातरा परसात गेले. तिथं आर्थरची उष्टी पितळी, त्याचं जेवणाचं पितळेचं ताट, मोरीवर पडली होती. ती उचलून त्यांनी त्याच्यापुढं धरली. "ह्याला सांग इंदे, आजपासनं आपली पितळी आपुन घासायची. आन् सकाळी माज्यासंगं गुऱ्हाळावर यायचं. लाड बंद!" आर्थर घाबरून माझ्याकडं बघायला लागला. आबांचा तो अवतार मी इंग्रजीत कसा सांगणार होते? मी शांतपणे म्हटलं, "आबा म्हणतायत, आमच्या देशात अशी रीत आहे. पाहुणा घरचा झाला की तो आपलं ताट आपण धुतो. सगळे पुरुष धुतात. आजपासून तू घरचा."

आर्थरनं ती पितळी दोन्ही हातांनी घेतली. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. परसात उकिडवा बसून, राख आणि काथ्या घेऊन त्यानं ती इतकी घासली की आई डोळे पुसत म्हणाली, "आवं, पुरं करा म्हनावं. भोक पाडंल त्यो."

मग परत जाण्याची गोष्ट निघालीच नाही. गुऱ्हाळाच्या दिवसांत तो उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीजवळ धुरात उभा असायचा आणि गूळ करणारा गुळव्या त्याच्यावर खेकसायचा, "सायेब, मागं सरा, न्हाईतर काकवीत पडशीला!" त्याला कुणी खेकसलं की तो खूष. वैशाखापर्यंत तो मोट हाकायला शिकला, गुळाच्या धंद्यावर त्यानं जाडजूड निबंध लिहिला, आणि तिकडं दादाचंही वर्ष सुखरूप पार पडलं. निघाला त्या दिवशी मोटारीजवळ आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "तू हुतास म्हनून सदाची आठवन सोसली. आता सदा यील, पर तुजी कशी सोसायची?" हे मात्र मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

माझी चलाखी मी दादा आल्यावर त्याला सांगितली. तो पोट धरून हसला. आर्थरला मात्र कधीच सांगितली नाही, आज सांगू उद्या सांगू करत एवढी वर्षं गेली... आणि आता त्याच्या लेकीच्या पत्राचं शेवटचं पान माझ्यासमोर आहे. ती लिहिते, 'आमच्या घरी जेवल्यावर प्रत्येकानं आपलं ताट धुवायचं, अशी बाबांची शिस्त होती. पाहुण्यांनीही. एकदा जेवायला आलेल्या न्यायाधीशांनासुद्धा त्यांनी उठवलं होतं. म्हणायचे, ही हिंदुस्थानची रीत आहे, तिथले सगळे पुरुष असंच करतात. अंत्यविधीनंतर घरी चहा झाला, तेव्हा कुणी न सांगता सगळे कपबशा घेऊन नळापाशी रांगेत उभे राहिले. खरंच आहे ना तुमच्याकडं ही रीत?'

दोन दिवस मी विचार केला. मग लिहिलं, 'हो, खरं आहे. आमच्याकडं असंच असतं.' पाकीट चिकटवलं. तेवढ्यात माझा मुलगा, साखर कारखान्यातून निवृत्तीला आलेला, जेवून ताटावरून उठला आणि नेहमीप्रमाणं हात धुवायला निघाला. त्याला म्हटलं, "थांब. आधी ते ताट घास." त्यानं विचारलं, "आज काय झालं गं आई?"

म्हटलं, "मी विलायतेला लिहून दिलंय. खोटं ठरायला नको."