आमच्या बरणीतले जर्मन

सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही काही दिवस जर्मन होतो.

झालं असं, की सईच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या इंटरनॅशनल शाळेत प्रोजेक्ट होता: इंग्रजी अमलातल्या अमेरिकेत जाऊन वसलेलं जर्मन कुटुंब. आईबाबांसकट वेष करायचा आणि ते लोक खायचे ते काहीतरी न्यायचं. सईने बजावलं, "आई, मार्क्स आहेत ह्याला! प्लीज, इंडियन काही करू नको लाह!" (लाह म्हणजे सिंगापुरी इंग्रजीचं शेपूट, कुठल्याही वाक्याला लागतं.)

ते लोक हिवाळ्यासाठी कोबी मिठात आंबवून ठेवत. जिच्या कैरीच्या लोणच्याला आजवर बुरशी शिवली नाही, त्या बाईला कोबी काय अवघड? (बाई म्हणजे मी.) कोबी चिरला, मीठ चोळलं, बरणीचं झाकण गच्च लावलं. हवा लागली की लोणचं नासतं, हे आमच्याकडे पाळण्यातच सांगतात.

दुसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागली. फुस्स! बुडबुड! मला चैन पडेना. उठायचं, झाकण आवळायचं, बसायचं, पुन्हा उठायचं.

"अगं, आत प्रेशर होतंय," मिलिंद म्हणाला. (हा नवरा. जहाजावरचा इंजिनियर, त्याला घरातही सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो.) "झाकण सैल कर!"

"तू बॉयलर बघ. बरणी मी बघते!"

मग वास सुटला. शेजारच्या चिनी आंटी दारात. "गॅस लीक आह?"

मी घाबरले आणि लोणचं बिघडतंय वाटलं की करतात तेच केलं. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी गार करून वर ओतली (सई आंघोळीला गेली होती!) आणि झाकण आणखी आवळलं.

प्रोजेक्टच्या दिवशी मी पांढऱ्या टोपीत, मिलिंद गवती हॅटमध्ये. सई ऐटीत म्हणाली, "अँड दिस इज अवर विंटर फूड!" मी रुबाबात झाकण फिरवलं.

धडाम!

शिक्षिकेच्या पांढऱ्या ब्लाऊजवर पिवळा कोबी! मुलं नाक दाबून बाकांखाली! सईचे डोळे भरून आले. पोरीचे मार्क माझ्या बरणीने उडवले होते.

शिक्षिकेने केसांतली मोहरी काढली आणि शांतपणे शेवटचा प्रश्न विचारला, "सई, या कुटुंबाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? थंडीचा, की आजारांचा?"

सईने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं.

"मदरचा, लाह!"

शिक्षिकेने मला टोपीपासून चपलांपर्यंत निरखलं आणि सईला पैकीच्या पैकी मार्क दिले.