प्राणहितेकाठचे न तोडलेले आंबे

गेल्या साली, छप्पनमध्ये, राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या आणि प्राणहितेच्या अलीकडे मुंबई राज्य झालं, पलीकडे आंध्र. नदी तीच, जंगलही तेच. ते दोन्ही काठांनी एकदा डोळे भरून पाहावं असं मनात आलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चांद्याहून निघालो. आलापल्लीपर्यंत मोटार मिळते. पुढे बैलगाडी ठरवावी, तांदूळ बरोबर न्यावा आणि घाई घरी ठेवून यावी.

अहेरीच्या खाली, नदीकाठच्या गोंडांच्या गावात लालसूभाऊंकडे उतरलो. घरामागची आमराई नुसती लगडलेली, पण एकाही फळाला हात लागलेला नाही. त्यांच्या सुनेला दिवस गेलेले. ती कैऱ्यांकडे बघत भात चिवडत होती. मला राहवेना.

"एक द्या की पोरीला!"

"पंडुम नाई झाला, भाऊ," लालसूभाऊ म्हणाले. "एक-एक म्हनता झाड खाली होते."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. कोय धरली की पेरमा, म्हणजे पुजारी, पूजा करतो. त्याआधी कुणी आंबा तोडत नाही. आणि पेरमा राहतो पलीकडच्या काठावर. इकडे व्यापाऱ्याच्या गाड्या कैऱ्यांच्या बदल्यात मीठ द्यायला तयार उभ्या.

"अजून किती वाट पाहाची?" गावातले दोघं-चौघं कुरकुरू लागले होते. पेरमा आला नाही तर यंदा नियम मोडणार आणि आमराई लुटली जाणार, हे मलाही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा पेरमा कमरेएवढ्या पाण्यातून काठी टेकत आला. काठावरच जंगलखात्याच्या नाकेदारानं त्याला अडवलं.

"कोनत्या राज्याचा तू?"

"सात देवाचा."

"अरे, राज्य विचारून राह्यलो मी!"

"तेच सांगून राह्यलो, बापू. मी सात देवाचा. हे गाव बी सात देवाचं."

गोंडांची कुळं देवांच्या संख्येवरून ओळखली जातात. म्हाताऱ्याला तेवढीच सरहद्द ठाऊक. नाकेदार डोकं खाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "आज जाय, बाबा. पुढल्या साली पास आनजो."

पूजा झाली. पहिली फोड सुनेला मिळाली. आंबट लागून तिनं डोळे घट्ट मिटले तशी सगळी हसली. मला फार बरं वाटलं.

घरी परतलो तरी तो पास डोक्यातून जाईना. चांद्याच्या एका कचेरीत पेरमाच्या पासाची चौकशी करायला गेलो. तिथल्या बाबूंनी विचारलं, "येण्याचं कारण काय लिहू?"

"गावाला आंबे खायची परवानगी द्यायला," मी म्हणालो.

बाबू खो-खो हसले. पेरमा यायचा थांबला तर ती झाडं कोण राखणार, या धास्तीनं मला काही हसू आलं नाही.