एकही खाडा नाही

हिवरटाकळीच्या केशरबाईनं बिबट्या पाहिलाय, उसात निघालेला नाग कोयत्यानं तोडलाय. पण सासूच्या तोंडाला ती भिते.

"पोरीचा हात तूच खाल्लास," झुंबरबाई ओसरीवर बसल्या बसल्या म्हणते. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण सुनेचं पाऊल वाजलं की बरोबर कळतं.

हात म्हणजे अपेक्षाचा, उजवा. चार वर्षांमागं, पाचवीत असताना, ती आईबापासंग ऊसतोडीला गेली. सहा फेब्रुवारीला ट्रॉलीचं मागचं लोखंडी फाळकं हातावर पडलं अन् दोन बोटं गेली. आता डाव्या हातानं लिहिते. अक्षर बरं आहे.

केशरबाईचं म्हणणं एकच. "मी काय हौसेनं नेली का?" त्या साली दसऱ्याआधी ती स्वतः शाळेत विचारून आली होती. ऊसतोड्यांची लेकरं गावातच राहावीत म्हणून सरकार शाळेत हंगामी वसतिगृह चालवतं. दोन टाइम जेवण शाळेत, झोपायला आजीजवळ. तात्याराव गुरुजी म्हणाले, "यंदा मंजुरीच न्हाई आली बाई." म्हातारीच्या हातची भाकर निम्मी कच्ची, निम्मी करपलेली. तिच्या भरवशावर लेकरू कसं ठेवावं? नेलं.

त्यावर झुंबरबाई म्हणायची, "मंजुरी आलती का न्हाई, तुला काय ठावं? तू इचारलंच नसशील."

हे असंच चाललं असतं. पण यंदा अपेक्षाची आठवी सरली. नववीसाठी दाखला आणायला ती शाळेत गेली, तर नव्या बाईंनी दाखल्यासोबत जुनी प्रगतिपत्रकंही दिली. पाचवीच्या पत्रकावर शेरा होता: नियमित उपस्थिती, एकही खाडा नाही.

अपेक्षा हसतच घरी आली. "माय, बग की. फडात बी होते अन् शाळेत बी होते. देवच झाले की मी!"

केशरबाई हसली नाही. हातातलं पीठ तसंच ठेवून ती बौद्धवाड्यात सुकेशनीकडं गेली. सुकेशनी फडातली तिची जोडीदारीण, बारावी शिकलेली.

"सुकेशनी, सरकारला इचारायचा कागुद असतो मनं?"

"असतो की. माहितीच्या अधिकाराचा. धा रुपयाचं तिकीट लावायचं, काय पायजे ते लिवायचं. तीस दिवसात उत्तर द्यावंच लागतंय."

"अन् न्हाई दिलं तर?"

"मंग वरच्या सायबाकडं अपील."

"त्यानं बी न्हाई दिलं तर?"

"माय, दीडशे एकर ऊस तोडला आपन दोघींनी. ह्या कागदाला काय दमतो?"

अर्ज गेला. त्या साली आमच्या गावात वसतिगृह मंजूर होतं का, असल्यास हजेरीपट दाखवा. तीस दिवस गेले. बेचाळीसाव्या दिवशी उत्तर आलं: सदर दप्तर उपलब्ध नाही. सुकेशनीनं अपील लिहिलं. तेवढ्यात बदलून गेलेल्या तात्याराव गुरुजींचा फोन.

"केशरबाई, तुमी शाळा समितीच्या मेंबर. मेंबरच आपल्या शाळेवर कागुद टाकायलाव का?"

हे मेंबरपण केशरबाईला लय प्यारं. अंगठेबहाद्दर बायांच्या गावात ती सही करते. बचत गटात शिकली. लोकं मेंबरबाई म्हणतात, तेव्हा ती पदर नीट करते. पण त्या दिवशी तिनं फोन खाली ठेवला अन् अपिलावर सही केली.

अपिलाच्या सुनावणीला मायलेकी तालुक्याच्या ऑफिसात गेल्या. साहेबांनी सांगितलं, आत्ताच्या आत्ता दप्तर शोधा अन् बाईला समक्ष दाखवा. न सापडणारी फाइल पाऊण तासात सापडली. ओमप्रकाश क्लार्कनं धूळ झटकून ती टेबलावर टाकली.

"परवा तर नव्हती मनलाव," केशरबाई म्हणाली.

"फायलीला पाय असतेत बाई. फिरून येते अन् बसते."

अपेक्षानं फाइल उघडली अन् वाचायला लागली. पहिल्याच पानावर मंजुरीचा आदेश होता. हिवरटाकळी, एकतीस मुलं.

केशरबाईनं कपाळावर हात मारला. "आलती! मंजुरी आलती गं! गुरुजी खोटं बोलले! आता तुज्या आजीला मनावं, घे, आईक!"

तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेबलावरचा माणूस चहा धरून तसाच थांबला. चार वर्षांचं ओझं उतरल्यासारखी ती खुर्चीत बसली. अपेक्षा मात्र पानं उलटत होती.

"माय, माजं नाव हाय. सतरावं."

"वाच."

"नोव्हेंबर, सगळे दिवस हजर. डिसेंबर हजर. जानेवारी हजर." तिनं उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी पान दाबून धरलं. "सहा फेब्रुवारी. हजर. सकाळी उपमा, संध्याकाळी वरण-भात अन् वांग्याची भाजी."

सहा फेब्रुवारीला संध्याकाळी केशरबाई दवाखान्याच्या फरशीवर बसली होती. मांडीवर पोरगी, पोरीच्या हाताला लुगड्याचा पिळा, अन् पिळ्यातून गळणारं रगत. तिला त्या भाजीचा वास आल्यासारखा झाला.

"मुडदे बशिवले," ती एवढंच म्हणाली.

अपेक्षाचं बोट पानाच्या तळाशी थांबलं होतं.

"काय झालं?"

"खाली लिवलंय, भोजन तपासले, मुले समाधानी आहेत." तिनं पान जवळ ओढलं. "माय, हितं तुजी सही हाय."

"माजी? खोटी असंल."

"तुजीच हाय. 'के'ची मात्रा तू उलटीच देतीस."

केशरबाई पुढं झुकली. तिचीच होती. नोव्हेंबरच्या खाली, डिसेंबरच्या खाली, मार्चपर्यंत, पाचही.

आठवायला वेळ लागला नाही. दसऱ्याचा दुसरा दिवस. मुकादमाचा टेम्पो शाळेसमोर उभा, भांडीकुंडी चढलेली, अन् गुरुजी कोरी पानं घेऊन पळत आले. मेंबरबाई, तुमी सहा म्हैने नसनार, खिचडीचे कागद अडतेत, सह्या करून जा. टेम्पोच्या पायरीवर, गुडघ्यावर पानं ठेवून तिनं सावकाश, नीट सह्या केल्या होत्या. वर चढलेल्या बाया बघत होत्या, म्हणून जास्तच सावकाश. मांडीशी अपेक्षा उभी होती.

"तुला म्हाईत होतं?" अपेक्षानं विचारलं.

"न्हाई गं."

"मंग सही?"

ओमप्रकाशनं खुर्ची जवळ ओढली. त्याचा आवाज आता खाली आला होता.

"बाई, माजं आईका. बगितलं न्हवं? बस झालं. नकला नेऊ नका. तक्रार केलाव तर गुरुजी मनतील, मेंबरनं तपासलं. पयलं नाव तुमचं यील."

पंखा गरगरत होता. अपेक्षा आईकडं बघत नव्हती, पानाकडंच बघत होती.

"किती पानं हायत?" केशरबाईनं ओमप्रकाशला विचारलं.

"एकोनीस."

"समदी द्या. शिक्का मारून. सहीची बी."

नकला होईपर्यंत मायलेकी बाहेरच्या बाकड्यावर बसल्या. केशरबाईनं वहीचा कागद मागितला. "तक्रार लिव. हितंच."

अपेक्षानं कागद मांडीवर घेतला, पेन डाव्या हातात. "तू सही केलीस, ते कुठं लिवू?"

"पयल्या वळीत."

अपेक्षानं लिहिलं: मी केशरबाई, समितीची सदस्य, मी न वाचता कोऱ्या पानांवर सह्या केल्या. मग पेन उचलून ती म्हणाली, "पुढं सांग."

पुढं गुरुजींचं यायला हवं होतं, एकतीस लेकरांचं, वांग्याच्या भाजीचं. केशरबाईनं तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "जरा पानी पिऊ दी."