मंत्र्यांनी बिलं परत केली

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सलूनच्या मालकांना सगळे मंत्री म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि गालाला फेस लागला, की मंत्र्यांचा कारभार सुरू!

"पैसे दोन ठिकाणी ठेवावेत," ते वस्तरा पुसत सांगायचे. "थोडे बँकेत आणि थोडे बायकोला सापडणार नाहीत अशा जागी."

"अशी जागा आहे का तुमच्या घरात?"

"नाही ना! म्हणून तर सगळे बँकेत आहेत."

कुणी नव्या फोनबद्दल विचारलं तर म्हणायचे, "घ्या की, जरूर घ्या. फक्त बिघडल्यावर कुणापुढे ओरडायचं तो माणूस आधी शोधून ठेवा." आणि सरकारवर तर काय, दाढी संपायची पण विषय संपायचा नाही.

पण नुसत्या तोंडाच्या वाफा दवडणारा माणूस नव्हता हा. सलूनच्या सुट्टीला मंत्री गल्लीतल्या झाडून सगळ्यांची पाण्याची बिलं पिशवीत घालायचे आणि पाणी कार्यालयात जाऊन एकदम भरून यायचे. "तुम्ही कशाला तंगडतोड करता? मी आहे ना!" गल्लीला इतकी सवय झाली होती, की कार्यालय कुठल्या रस्त्याला आहे हेसुद्धा कित्येकजण विसरून गेले होते.

एकदा असेच गेले, तर खिडकीवर कागद चिकटवलेला. बिलं घेणारी खिडकी लवकरच बंद होणार, यापुढे सगळा भरणा फोनवरून. मंत्र्यांना आठवली आक्का.

आक्का त्यांची थोरली बहीण. सलूनच्या वरच्या खोलीत एकटी राहायची, डोळ्यांनी अधू. मागे एकदा शेजारच्या खोलीतल्या भाडेकऱ्याने मोठ्या हौसेने तिचं बिल फोनवरून भरलं होतं. पैसे गेले भलत्याच्याच खात्यात आणि आक्काचं पाणी तोडलं. फोन आपला 'धन्यवाद' म्हणून मोकळा! तेव्हा या खिडकीतल्या कारकून बाईंनीच चूक शोधून पाणी सुरू करून दिलं होतं. उद्या पुन्हा असं झालं तर आक्काने दाद मागायची कुणाकडे?

"हा काय चावटपणा आहे?" मंत्री खिडकीवर हात आपटून म्हणाले. "लोकांनी जायचं कुठं?"

"कुठले लोक, मंत्री?" कारकून बाई कंटाळून म्हणाल्या. "हे टोकनचं यंत्र येणारी माणसं मोजतं. तुमच्या अख्ख्या गल्लीतून कोण येतं? तुम्ही एकटे. एक टोकन घेता आणि पिशवी रिकामी करता. वरच्यांना वाटतं, इथं कुणी फिरकतच नाही. येत्या सोमवारी साहेब बघायला येणार आहेत, मग कायमचं कुलूप."

मंत्र्यांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. म्हणजे लोकांचे पाय वाचवता वाचवता आपणच खिडकीच्या मुळावर उठलो! भलेपणा करायला गेलो आणि हे काय होऊन बसलं! बिलं न भरताच परतताना त्यांना इतकं वाईट वाटत होतं, की ओळखीच्या माणसांकडेही त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांची बिलं ज्याची त्याला परत केली. "सोमवारी स्वतः जायचं," एवढंच म्हणाले. झालं, गल्लीत कुजबुज सुरू. मंत्री भाव खायला लागले म्हणे! शिंपी तर खुर्चीत बसल्या बसल्या चिडला, "एवढं साधं काम जड झालं होय तुम्हाला?"

मंत्र्यांनी वस्तरा त्याच्या हनुवटीखाली टेकवला. "आता हलू नका आणि नीट ऐका. चूक माझी आहे." आणि मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. शिंप्याने ती बेकरीवाल्याला सांगितली, बेकरीवाल्याने पावासोबत घरोघर पोचवली.

सोमवार उजाडला. साहेब खिडकीशी पोचले आणि जागच्या जागी थबकले. रांग जिन्यावरून उतरून पार रस्त्यावर गेली होती. शिंपी होता, बेकरीवाला होता, कडेवर पोरं घेतलेल्या बायका होत्या, काठी टेकत आलेले म्हातारे होते. टोकनच्या यंत्रातला कागद संपला. बाईंनी नवा घातला, तोही संपत आला.

"आज काही फुकट वाटताय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो, आम्ही द्यायलाच आलोय!" बेकरीवाला म्हणाला आणि रांग खदखदून हसली.

आक्काचा नंबर आला. तिने चाचपडत बिल आत सरकवलं आणि साहेबांच्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाली, "साहेब, माझं पाणी तोडलं होतं तेव्हा या बाईंनी माझं ऐकून घेतलं. तुमचा फोन ऐकून घेईल का हो?"

साहेबांनी रांगेकडे एकदा पाहिलं, पुढे झाले आणि खिडकीवरचा कागद स्वतःच्या हाताने काढला. "खिडकी चालू राहील," ते म्हणाले. "ज्यांना फोनवरून भरायचंय त्यांनी खुशाल भरावं." असा जल्लोष झाला की काय सांगावं! कारकून बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि बिलं घेत होत्या.

मंत्री रांगेत सगळ्यात शेवटी होते. आनंदाने त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. त्यांचा नंबर आला तेव्हा बाईंनी सवयीने पिशवीसाठी दोन्ही हात पुढे केले.

"पिशवी कुठाय?"

"पिशवी नाही आणली," मंत्री म्हणाले आणि खिशातून आपलं एकुलतं एक बिल काढून त्यांनी खिडकीत ठेवलं.