पुढच्या सीटवरचा साहेब

जालन्यात अंबड चौफुलीवर काळ्या-पिवळ्या जीपा उभ्या राहतात, तिथं कल्याणला सगळे 'साहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे त्याने कधी खोदून पाहिलं नाही. इस्त्रीचा आकाशी शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीवर लॅपटॉपची बॅग. बॅगेत लॅपटॉप नव्हता. तो कंपनीने 'जरा अपग्रेड करू' म्हणून पुण्याला मागवून घेतला आणि तो तिकडेच नांदला. बॅगेत असायचा डबा, छत्री आणि व्हिजिटिंग कार्डांचा जाडजूड गठ्ठा.

कंपनीचं नाव 'सीटपक्की'. घरबसल्या मोबाइलवर काळी-पिवळीतली जागा राखायची, ठरल्या वेळी यायचं आणि ऐटीत बसायचं, अशी कल्पना. ती सुचली राधेश्यामला. राधेश्याम म्हणजे जुन्या जालन्यातल्या कापडवाल्या शेटजींचा मुलगा. पुण्याला शिकायला गेला आणि तिथे 'रॅडी' झाला. कल्याण त्याच्याकडे लागला तो साधा सेल्स एक्झिक्युटिव्ह म्हणून. पुढे कंपनीतली माणसं एकेक गळायला लागली आणि जो जाईल त्याचं पद कल्याणच्या गळ्यात पडू लागलं. तो टेरिटरी मॅनेजर झाला, रीजनल हेड झाला आणि मस्तगडातल्या ऑफिसला जागामालकाने स्वतःचं कुलूप ठोकलं त्या आठवड्यात मराठवाड्याचा व्हाइस प्रेसिडेंट झाला. पगाराचं विचारलं की पद मिळायचं. कार्डं मात्र दर वेळी त्यानेच पदरमोड करून छापली.

"ते कार्ड किराणा दुकानात दाखवून साखर मिळते का बघा," बायको मीना म्हणायची.

मीनाचा भाऊ भागवत बियाण्याच्या कंपनीत होता. त्यांच्या गोदामावर सुपरवायझरची जागा निघाली होती आणि भागवतने ती मेहुण्यासाठी सोमवारपर्यंत धरून ठेवली होती. आता व्हाइस प्रेसिडेंट माणूस गोदामात पोत्यांवर नजर ठेवत बसणार? गेल्या लग्नसराईत ज्या पाहुण्यांना त्याने खिशातून कार्ड काढून दिलं, त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय राधेश्याम दर फोनला सांगायचा, फंडिंग दारात आलंय. दारात आलेल्या लक्ष्मीला पाठ दाखवणं बरं नव्हे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी कल्याणची गत झाली होती.

आणि ॲप विकायला त्याने कष्ट कमी घेतले होते, असं कोणी म्हणू नये. जीपवाल्या अतिकभाईच्या तर तो पाठीच लागला होता.

"हे बघा भाई, सीट नंबर पाच. बुक झाली की हिरवी होते."

अतिकने मोबाइल लांब धरून नीट पाहिला. "पाच नंबर म्हंजे मधल्या लाइनीतली खिडकी ना?"

"बराबर."

"तिथं तर मी दोन बसवतो. मंग हिरवी कोणाची करायची?"

"एकच बसवायचा, भाई."

"अन बारा वाजता निघायचं?"

"बुकिंग बाराचं असलं तर बाराला."

"बाराला गाडीत चारच लोकं असले, तर डिझेल काय तुमचं ॲप टाकणार? भाऊ, जीप टायमावर न्हाई निघत. भरल्यावर निघते."

जीप भरण्याचंही एक शास्त्र आहे. रिकाम्या जीपमध्ये कोणी बसत नाही. माणूस लांबूनच डोकावतो, आत शुकशुकाट दिसला की पुढच्या गाडीकडे सरकतो. म्हणून हुशार ड्रायव्हर आधी आपलीच दोन माणसं आत बसवून ठेवतो. एखादा रिकामटेकडा साडू, एखादा पानपट्टीवाला. गाडी भरत आली की ही मंडळी हळूच उतरतात. पण ही माणसं बसतात कशी, तर पाय पसरून, तंबाखू मळत. कुठे जायची घाई असल्यासारखी ती दिसतच नाहीत.

एकदा कल्याण पुढच्या सीटवर बसून अतिकला हिरव्या जागा दाखवत होता आणि मागे बघता बघता गाडी भरून गेली. अतिकच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"कल्याणभाऊ, तुम्ही कायबी बोलू नका. नुस्तं बसा. तुमच्याकडं बघून लोकांचा भरोसा बसतो. बस, मधूनमधून घड्याळ बघत जा."

त्या बदल्यात अतिकने ॲप मोबाइलमध्ये ठेवून घेतलं. अशा रीतीने सीटपक्कीला मराठवाड्यात एक ग्राहक लाभला.

कल्याणने हे काम मनावर घेतलं. घड्याळ कसं बघायचं, सुस्कारा केव्हा टाकायचा, फोन कानाला लावून "हो हो, पोचतोच" कधी म्हणायचं, हे त्याला इतकं साधलं की बाकीचे ड्रायव्हर अतिकवर जळू लागले. गाडी भरली की तो "पाण्याची बाटली आणतो" म्हणून उतरायचा आणि रसवंतीच्या मागे नाहीसा व्हायचा. खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ त्याला बरं वाटायचं. निदान ही गाडी तरी भरायची, निघायची, कुठेतरी पोचायची.

शुक्रवारी राधेश्यामचा फोन आला. "कल्याण, घनसावंगीची एक मुलगी आहे, आकांक्षा. पतसंस्थेत आहे, तिला टेरिटरी मॅनेजर घेतोय. हुशार आहे, पण नोकरी सोडायला कचरते. उद्या तुला भेटायला येईल. तू तिला काही विकू नकोस. नुसता समोर बस. तुला बघून माणसाला विश्वास वाटतो रे. ती आली की फंडिंगवाल्यांना टीम दाखवता येईल आणि तुझंही सगळं क्लिअर."

हे बोलणं कुठेतरी ऐकल्यासारखं कल्याणला वाटलं. पण 'सगळं क्लिअर' हे शब्द कानात असे गोड घोळत होते की त्याने डोक्याला फार ताण दिला नाही.

शनिवारी दुपारी आकांक्षा चौफुलीवर आली. ऑफिसला रंगकाम चाललंय असं सांगून कल्याणने तिला चहाच्या हॉटेलात बसवलं. तिने सरळच विचारलं, "सर, पगार बराबर होतो ना?"

"ग्रोथ खूप आहे," कल्याण म्हणाला.

"अन ॲप चालतं ना आपल्याकडं?"

"शिकायला भरपूर मिळतं."

त्याने कार्ड दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि व्हाइस प्रेसिडेंट हे शब्द ओठांतल्या ओठांत वाचले. "आमच्या पतसंस्थेत मी हिशेब बी करते अन पाहुणे आले की पाणी बी मीच द्यायचं, सर. म्हणून वाटतं, सोडावं." कल्याणने चहाचा घोट घेतला. बाकीचा तसाच ठेवला.

ती परत निघाली तेव्हा स्टँडवर अतिकची जीप रिकामी उभी होती. अतिकने कल्याणला डोळ्याने खुणावलं. सवयीचा गुलाम माणूस. कल्याण जाऊन पुढे बसला.

"तुम्हीबी तिकडंच चाललात, सर?" आकांक्षा खूश झाली. कल्याणने तिला आतल्या बाजूला जागा दिली आणि स्वतः दाराशी बसला.

मग कल्याणने घड्याळ बघितलं, सुस्कारा टाकला आणि गाडी भरू लागली. झुंबरबाई नावाची एक म्हातारी नव्या मिक्सरचं खोकं मांडीवर घेऊन मागे बसली. ट्रॅक्टरचा पार्ट घेतलेले दोघं आले, लेकुरवाळी एक बाई आली. अखेर मागे मुंगी शिरायला जागा उरली नाही. अतिक खोकला. कल्याणची उतरायची वेळ झाली होती.

"मी जरा पाण्याची बाटली..." कल्याणने एक पाय खाली टाकला.

"सर, माझं ठरलं," आकांक्षा म्हणाली. "सोमवारी राजीनामा देते. आधी लई भ्या वाटत होतं. पण तुमच्यासारखा माणूस कंपनीत बसलेला बघितला अन भरोसा बसला."

कल्याणचा एक पाय जमिनीवर, एक जीपमध्ये. कालपासून जे आठवत नव्हतं ते आता आठवलं. त्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"आकांक्षाताई, मी घनसावंगीला चाललो न्हाई," तो म्हणाला. "मला इथं बसवलंय. गाडी भरलेली दिसावी म्हणून."

"म्हंजी?"

"अन कंपनीतबी तसंच. तुम्ही बसावं म्हणून मला पुढच्या सीटवर बसवलंय. ती गाडी निघत न्हाई, ताई. दोन दिवाळ्या झाल्या, मी नुस्तं घड्याळच बघून राह्यलो. तुम्ही राजीनामा देऊ नका."

आकांक्षा काही बोलायच्या आत मागे कल्लोळ उठला.

"आगं बया! ह्यो बसवलेला हाय?" झुंबरबाई कडाडली. "बसवलेला माणूस मला लांबून वळखू येतो! ह्याच्या गळ्यात पट्टा व्हता म्हणून मी फसले!"

ट्रॅक्टरवाले दोघं उतरायला लागले. अतिकने कपाळावर हात मारला. "भाऊ, सच बोलायला आजचाच दिवस मिळाला?"

पण झुंबरबाईने न्याय दिला. "कोणी उतरू नका. ह्यालाच न्या. ह्यो खरंच बसला तर आम्ही बसतो. ह्यो उतरला की आम्हीबी उतरलो."

सगळ्या जीपने मान डोलावली. अतिकने हात जोडले. "चला भाऊ, आता खरंच चला. अन भाडं बी द्या. आज तुम्ही पॅशेंजर."

अशा रीतीने कल्याण बाहेर काढलेला पाय आत घेऊन घनसावंगीला निघाला. अंबड मागे पडलं आणि राधेश्यामचा फोन आला. गाडीच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून कल्याणने स्पीकर लावला.

"काय, तयार झाली का ती?"

"न्हाई सर. मीच नको म्हणून सांगितलं. अन मीबी सोडून राह्यलो."

पलीकडच्या आवाजात मध आला. "कल्याण, घाई करू नकोस. मी तुला को-फाउंडर करतो. आजच कार्ड छापायला टाक."

"काय म्हणतोय त्यो?" मागून झुंबरबाईने विचारलं.

"मालक करतो म्हणतोय, आजी."

"कशाचा?"

कल्याणने आकांक्षाकडे पाहिलं. आकांक्षाने ओठ दाबून हसू आवरलं, मग ते आवरेना. मागचे हसले, अतिक हसला आणि शेवटी कल्याणही हसला. फोन कधी बंद झाला ते कोणाला कळलंच नाही.

खड्ड्यांमुळे झुंबरबाईचा मिक्सर खोक्यात खडखडत होता. कल्याणने बॅगेतून कार्डांचा गठ्ठा काढून तिच्याकडे दिला. तिने खोकं उघडून तो कडेला ठासला आणि आवाज थांबला. त्या कार्डांचा कोणाला काही उपयोग झाला, तो एवढाच.

घनसावंगीला उतरताना आकांक्षा म्हणाली, "सर, राग आला व्हता तुमचा. पण माझी नोकरी वाचवली तुम्ही." दोन पावलं जाऊन ती मागे वळली. "बियाण्याच्या कंपन्यांत जागा निघतात म्हणे जालन्यात. कळलं तर सांगा."

"एक निघाली होती," कल्याण ओशाळून म्हणाला. "ती मी घेऊन राह्यलो. पुढची निघाली की पहिला फोन तुम्हाला."

त्याने मीनाला फोन लावला. "भागवतला सांग, सोमवारी येतो म्हणून."

"देव पावला! पण अहो, तुम्ही आहात कुठं?"

"घनसावंगीला."

"तिकडं कशाला गेल्तात?"

"गाडी निघाली म्हणून," कल्याण म्हणाला.

परतीच्या स्टँडवर जालन्याची एकच जीप होती आणि ती रिकामी. ड्रायव्हरने त्याचा शर्ट पाहिला, गळ्यातला पट्टा पाहिला आणि लगबगीने दार उघडलं. "या साहेब, पुढं बसा. निघालोच!"

कल्याणने पट्टा गळ्यातून काढून खिशात घातला. तेवढ्यात पिशवी घेतलेले एक गृहस्थ त्याच्यापाशी येऊन थांबले. "लगेच निघून राह्यली का ही?"

"न्हाई," कल्याण म्हणाला. "अजून एकबी माणूस न्हाई. चला, तवर चहा घेऊ."