सहाचा आकडा

काळूराम म्हात्रेला बंगल्यावरच्या नोकरीला मीच चिकटवला, त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकतो.

तो मूळचा पेणकडच्या मिठागरातला. मिठागर बंद पडलं तसा बायकोला, सगुणाला, घेऊन बोर्ली पंचतनला आला आणि आमच्या कोळंबीच्या प्रकल्पावर लागला. मी तिथे सुपरवायझर. तळ्याच्या पाण्यात मीठ किती, हे रोज सकाळी बघायचं काम त्याचं. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर असतो. वीतभर नळी, टोकाला काच, काचेवर झाकण. थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळं संपून पांढरं जिथे सुरू होतं, तो आकडा. आम्ही तिला दुर्बीण म्हणायचो. काळूराम आधी पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून आकडा सांगायचा, मग दुर्बीण लावायचा. अकरा वर्षांत दोघांत फरक पडलेला मी चार-पाच वेळाच पाहिला, आणि त्यातही दोनदा दुर्बिणीचीच काच पुसलेली नव्हती.

मग कोळंबीवर रोग आला आणि प्रकल्पाला टाळं लागलं. किनाऱ्यालगत मुंबईच्या दीपेशशेठचा बंगला आहे, तिथे राखणदार हवा होता. मी शब्द टाकला. काळूराम झाडांना पाणी घालू लागला, गाड्या पुसू लागला. तक्रार कधी केली नाही, पण त्याच्या तोंडावरची कळा गेली होती.

शेठला घरी बियर करायचा नाद लागला आणि एका शनिवारी तो हुबेहूब तीच दुर्बीण घेऊन आला. फक्त ही साखर मोजायची. जवाचं गोड पाणी पातेल्यात उकळत होतं, शेठ त्यातलंच काचेवर टाकत होता आणि दर वेळी वेगळा आकडा आला की शिव्या देत होता. काळूरामला राहवलं नाही.

"शेठ, गरम टाकू नका. वाटीत निवू द्या. आन् आधी पान्यावर शून्य लावा. विहिरीचा पानी नको, तो खारा हाय. गाडीच्या बॅटरीत घालतात तो घ्या."

झाकणाखाली बुडबुडा राहू द्यायचा नाही, थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, हेही सांगितलं. आकडा बारावर आला आणि तीनदा बघितलं तरी बाराच राहिला. वाटीत उरलेलं काळूरामने चाखलं. "उसाच्या रसावानी हाय," म्हणाला. मग शेठने पिंपात यीस्ट टाकलं आणि काळूरामची जीभ तिथेच थांबली. थोरला भाऊ नामा दारूपायी गेला, तेव्हापासून तो दारूच्या थेंबाला शिवत नव्हता.

शेठ मुंबईला गेला. काळूरामने रोज सकाळी पिंपाच्या नळातून थेंब काढून आकडा फोनवर कळवायचा, असं ठरलं. साखरेची दारू होईल तसा आकडा उतरणार होता. माणूस इतका खुलला की बाजारात भेटला तरी मला आकडा ऐकवायचा. दहा. आठ. सात. सहा.

सहावर आकडा बसला तो बसलाच. चार दिवस काच पुसली, शून्य लावलं, थेंब बदलला. सहा. "तीनच्या खाली यायला हवा," शेठ फोनवर करवादला, "शनिवारी मित्र येणार आहेत."

"तीन सांगा नि मोकले व्हा," सगुणा म्हणाली.

"दिसतंय सहा, तं तीन कसा सांगू?"

गुरुवारी तो माझ्याकडे आला. "भाऊ, तुमी घेता. येऊन एक घोट घ्या, गोड लागतंय का तेवढा सांगा. मना चाखता येत न्हाय."

मला तळा गावी मेहुणीच्या लग्नाला जायचं होतं. मी म्हटलं, रविवारी येतो.

शनिवारी शेठ आला, मित्र आले. शेठने स्वतः दुर्बीण लावली, सहा. घोट घेतला आणि थुंकला. "पाणचट!" वरचा फेस बसल्यामुळे पिंपातली पातळी दोन बोटं खाली दिसत होती. झालं. चार लोकांच्या देखत शेठ म्हणाला, "प्यायलास आणि साखरेचं पाणी भरलंस." साखरेचं पाणी असतं तर गोड लागलं असतं, एवढी अक्कल त्याला नव्हती, आणि हसणाऱ्या मित्रांनाही नव्हती. काळूरामने चावी टेबलावर ठेवली आणि चालत घरी गेला.

सोमवारी सगुणाला मासळीबाजारात जनी कोळणीने विचारलं, "नवरा बियर प्यायला लागला म्हनं?" त्यानंतर काळूराम बाजारात यायचाच बंद झाला. मला लाज वाटली. रविवार गेलाच होता, मग त्याच्या घरीही गेलो नाही.

दोन महिन्यांनी शेठच्या ड्रायव्हरने मला गाठलं. शेठने पुन्हा बियर लावली होती, सुट्टी काढून स्वतः मुक्काम ठोकला होता, आणि आकडा पुन्हा सहावरच बसला. मग कुणा जाणकाराने त्याला सांगितलं, की साखरेची दारू व्हायला लागली की दुर्बीण खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. सुरुवातीचा आकडा धरून हिशेबाने खरा आकडा काढावा लागतो. सहा दिसतो, पण साखर जवळजवळ संपलेली असते. काळूरामची बियर तयार होती, नीट झाली होती.

"शेठनी ह्या दिल्यात," ड्रायव्हर म्हणाला. ह्याच नव्या बियरच्या दोन बाटल्या. "सांगितलंय, रीडिंग बरोबर होतं."

"कामाचं काय?"

"नवा माणूस ठेवलाय ना."

ज्याच्यावर पिण्याचा आळ घेतला, त्याला माफी म्हणून बियर! मला त्या बाटल्या तिथेच फोडाव्याशा वाटल्या. पण निरोप पोचवायलाच हवा होता. काळूराम ओटीवर बसला होता. मी सगळं सांगितलं, दारू झाल्यावर दुर्बीण कशी चुकते तेही.  त्याने एक बाटली उघडली, तळहातावर थेंबभर ओतली आणि जिभेला लावली. सगुणा दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला.

त्याने बाटली अंगणात रिकामी केली, हात धुतला.

"गोड न्हाय," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "भाऊ, त्या गुरुवारी येऊन तुमी एवढाच सांगायचा होता."