तिसऱ्या फांदीचं बी

माझी मावशी अठरा वर्षं संशोधनाच्या काचघरात रोपं सांभाळते आणि इतक्या वर्षांत रोपांना लावायची तिची एकही चिठ्ठी चुकलेली नाही. म्हणून नव्या साहेबांनी कार्यालयाला लिहिलेलं पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'बियांची सरमिसळ देखरेख करणाऱ्या बाईंकडून झाली,' म्हणे! अशा आणखी एका पत्रावर तिची नोकरी गेली असती.

झालं असं, की या साहेबांनी टोमॅटोच्या एका जनुकात नेमका बदल केला, करपा रोग लागू नये म्हणून. पानाच्या चाचणीत बदल सापडला आणि साहेब हवेत तरंगू लागले. मग त्या झाडाचं बी पेरलं. चाळीस रोपं आली, तिथल्याच प्रयोगशाळेत चाचणी मीच केली, आणि एकातही बदल नाही! खापर फोडायला मावशी होतीच.

"साहेब, पान तुम्ही वाटेकडच्या तिसऱ्या फांदीचं तोडलंत," मावशी म्हणाली. "बी पेरलंत काचेकडच्या पहिल्या फांदीचं, लवकर पिकलं म्हणून."

"झाड एकच ना, बाई?"

"झाड एकच. पण बदल सगळ्या फांद्यांत पोचलाय, हे कोणी तपासलं?"

साहेब हसले. बदल कधी कधी झाडाच्या काही पेशींतच होतो, आणि बाकीच्या फांद्यांचं बी जुन्यासारखंच निघतं, हे तेही शिकलेले असणार. पण बाईंच्या तोंडून ऐकायचं कसं!

मावशी प्रत्येक फळाला फांदीचा आकडा लिहून दोरा बांधते. सगळे तिला 'दोरेवाली' म्हणून चिडवतात. त्या दोऱ्यांमुळेच तिसऱ्या फांदीचं बी वेगळ्या पाकिटात होतं. साहेबांनी ते टाकून द्यायला सांगितलेलं, तिनं मुकाट्यानं ठेवून दिलेलं. आम्ही त्यातलं थोडं पेरलं. चोवीस रोपांपैकी एकोणिसांत बदल होता.

निकाल बघून साहेब धावतच आले. "वा! उरलेलं बी द्या, बाई, आजच पेरू."

सॉरी नाही, काही नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीनं पाकिटावर हात ठेवला.

"आधी पत्रातली ती ओळ खोडा."

"अहो, आता कशाला उकरून काढताय?"

ती हलली नाही. साहेबांनी पत्र मागवलं, खिसे चाचपले. पेन नव्हतं.

मावशीनं चिठ्ठ्या लिहायचं आपलं पेन पुढे केलं. "हे घ्या. पाण्यानं जात नाही."